हॅचरच्या नावाची पाटी

फ्रँकफुर्टात नोकरी मागायची तर आधी फोटो काढून घ्यावा लागतो. हसायचं, पण दात दिसता कामा नयेत. तो फोटो अर्जावर चिकटवायचा, मागे शाळेपासूनची सगळी प्रमाणपत्रं लावायची, सगळं एका निळ्या नाहीतर करड्या फाइलीत घालायचं आणि पोस्टात टाकायचं. नोकरी नाही दिली तर ऑफिसवाले ती फाइल जशीच्या तशी परत पाठवतात, फोटोसकट. सभ्य लोक! दुसऱ्याची फाइल ठेवून घेणं त्यांना जमत नाही. म्हणून आमच्या बॉर्नहाइम भागात कोणाच्या दारात जाड पाकीट आलं की शेजारीपाजारी मान खाली घालून जिना उतरतात. पातळ पाकीट आलं तर मात्र ज्याचं त्याला धडधडायला लागतं, कारण पातळ पाकिटात बोलावणं असतं.

हे सगळं नोलीन टेटला डर्व्हलाने समजावून सांगितलं होतं. डर्व्हला आयर्लंडची, बँकेतल्या साहेबांना इंग्रजी शिकवायची. नोलीन न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाची, अडतीस वर्षांची, एकटी, तिकडे शाळेत मास्तरीण होती. इथल्या एका लहानशा इंग्रजीच्या क्लासात शिकवायला आली आणि वर्ष भरायच्या आत तो क्लासच बंद पडला. जर्मन तिला भाजी आणायपुरतं येत होतं. पासपोर्टावर परदेशी लोकांच्या कचेरीचा शिक्का होता: बारा डिसेंबर १९९६ पर्यंत नोकरीचा करार दाखवा, नाहीतर तिकीट दाखवा.

"किती फायली पाठवल्यास?" डर्व्हलाने विचारलं.

"चौदा."

"आणि परत किती आल्या?"

"एकही नाही," नोलीन म्हणाली. म्हणताना जरा मान वर झाली तिची.

"अगं बये! माझ्या पहिल्या वीसच्या वीस परत आल्या होत्या. एकही नाही म्हणजे विचार चाललाय त्यांचा. देव पावला म्हण तुला!"

या एका आशेवर नोलीन ऑक्टोबरपासून तग धरून होती.

एक ऑक्टोबरला ती एमरिखबाईंच्या वरच्या खोलीत राहायला आली होती. एमरिखबाई म्हणजे सत्तरीच्या विधवा, गुडघे गेलेले, तोंड शाबूत. पहिल्या मजल्यावरचं घर आणि चौथ्या मजल्यावरची छपराखालची खोली, दोन्ही त्यांच्या नावावर भाड्याने. वरची खोली त्या परस्पर पुढे द्यायच्या, मालकाला न सांगता. म्हणून पहिल्याच दिवशी नोलीनला दम भरला: "खाली पत्रपेटीवर अन् घंटीवर पाटी आहे ना, हॅचर म्हणून? तिला हात लावायचा नाही. पाटी बदलायची तर मालकाच्या कचेरीत अर्ज करावा लागतो. मग कोण गेलं, कोण आलं, शंभर प्रश्न! कोणी विचारलं तर तू हॅचर."

"पण हॅचर कोण?"

"आधीचा भाडेकरू. कॅनडाचा होता. तुझ्यासारखंच, इंग्रजीचं काम शोधत होता."

"मग? मिळालं?"

एमरिखबाईंनी चादरी मोजून दिल्या आणि गुडघे धरून खाली निघून गेल्या.

पाटीचं नोलीनला काही वाटलं नाही. तिच्या गावात पत्र घराच्या नंबरावर येतं. घर नंबर अमुक, की टाकलं फाटकावरच्या डब्यात. आत कोण राहतं याच्याशी पोस्टमनला काय देणंघेणं? तिने चौदाही फायलींवर आपलं नाव, रस्ता, घराचा नंबर सुवाच्य अक्षरात लिहिला होता. पुरे की!

दुसऱ्याच आठवड्यात दुपारी घंटी वाजली. चार मजले उतरून ती खाली गेली. दारात पोस्टमन ओस्मान. भला माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या.

"हॅचरबाई?"

नोलीनला एमरिखबाईंचा दम आठवला. मग म्हणाली, "हो."

"पेटीत मावत नाहीये," तो म्हणाला आणि नजर दुसरीकडे करून त्याने जाड पाकीट तिच्या हातात दिलं. "तुमच्या साहेबांचं. मिळेल हो दुसरं काहीतरी."

तिने ते एमरिखबाईंकडे नेलं. बाईंनी बघितलंसुद्धा नाही. "ठेव वरच. न्यायला यायचं नाही कोणी."

त्या आठवड्यात दोन आली, पुढच्यात तीन. नोलीन ती कपाटावर रचत गेली. चौथ्या पाकिटाला मात्र तिला राहवेना. कोणाचं पत्र फोडणं बरं नव्हे हे तिला कळत होतं, पण फोडलंच. आत निळी फाइल. फाइलीत लॉर्न हॅचर, वय बावन्न. चॉकलेटी टाय, कानांवरचे केस नुकतेच कापलेले, ओठ मिटून हसणारा. तिने बाकीचीही फोडली. सगळ्यांत तोच फोटो, तोच टाय, तेच हसू. टेबलावर चार हॅचर ओळीने बसले आणि चौघेही तिच्याकडे बघायला लागले.

टेबलाच्या खणात, आधी परत आलेल्या फायलींखाली, तिला त्याची वहीही सापडली. एकतीस ऑफिसांची नावं, एकाखाली एक, पेन्सिलीने. काहींपुढे फुली: परत आली. पेन्सिल वहीतच होती. नोलीनने त्याच पेन्सिलीने चार फुल्या मारल्या. का मारल्या ते तिला सांगता आलं नसतं.

आणि मग एक पाकीट आलं, त्यातल्या नकाराच्या पत्रात लिहिलं होतं: आपला दोन ऑक्टोबरला टाकलेला अर्ज पोचला, आभारी आहोत.

दोन ऑक्टोबर! दोन ऑक्टोबरला तर नोलीन स्वतः या खोलीत राहत होती. पत्र घेऊन ती धडाधड खाली गेली.

"एमरिखबाई, हा माणूस आहे तरी कुठे? याने दोन तारखेला पत्र कसं टाकलं?"

बाई बटाटे सोलत होत्या. सुरी खाली ठेवली त्यांनी. "ते मी टाकलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बारा पाकिटं राहिली होती त्याच्या टेबलावर. बंद केलेली, तिकिटं लावलेली, पत्ते घातलेले. तिकिटं वाया का घालवायची? बाजाराला जाताना एकेक टाकत गेले."

"आणि तो?"

"तो सप्टेंबरातच गेला गं. त्याच टेबलाशी. तेरावं पाकीट चिकटवत होता."

नोलीनने हातातलं पत्र बटाट्यांशेजारी ठेवलं. बाईंना मात्र आता बोलायचंच होतं. त्यांनी पदरचं काही न घालता सगळं सांगितलं, अगदी सरळ, जसं घडलं तसं. "सहा दिवस तो तसाच होता. सहा! वर रेडिओ चालू होता ना, ते अमेरिकन लष्कराचं स्टेशन. खिडकीतून मला खाली ऐकू यायचं. मी म्हणायचे, आहे माणूस, ऐकतोय. सहाव्या दिवशी बिल द्यायला गेले वर, तर..." त्यांनी एक बटाटा उचलला आणि तसाच परत ठेवला. "कामावर असता तर पहिल्याच दिवशी दहाच्या आत कोणीतरी फोन केला असता. काम नसलेल्या माणसाला कोण शोधतं?"

त्याचा एक भाऊ होता म्हणे कॅनडात. तो म्हणाला, तुमच्याकडे जे करतात ते करा. नगरपालिकेने जे करायचं ते केलं.

नोलीनने त्या दिवसापासून टेबलाची खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि पलंगावर बसून लिहायला लागली. पण टेबलावर डिंकाचा वाळलेला डाग होता, हाताच्या तळव्याएवढा, आणि डोळे राहून राहून तिकडेच जायचे. रेडिओही तसाच होता, खिडकीत. बंद केला तर खोली इतकी गप्प व्हायची की तिलाच सहन होईना. चालू ठेवला तर वाटायचं, खाली एमरिखबाई म्हणत असतील, आहे माणूस, ऐकतोय.

नोव्हेंबर हा इथला मेलेल्यांचा महिना. साडेचारलाच अंधारतं, लोक कबरींवर लाल काचेचे दिवे लावून येतात. नोलीन दिवसभर आपल्याशी एकच हिशेब करायची: मी आत्ता इथे पडले तर कोणाला कळेल? डर्व्हला आईच्या आजारपणासाठी दोन आठवडे गावी गेली होती. क्लास बंद. चौदा ऑफिसांना ती कोण हे माहीतच नाही. सहा दिवस? सहात आटोपलं तर नशीबच म्हणायचं!

तिने एक खूळ काढलं. कोपऱ्यावरच्या बेकरीत ती रोज बरोबर आठ वाजता जायला लागली. तीच बाई, तेच दोन पाव. तीन आठवडे एक दिवस चुकवला नाही. मग एका मंगळवारी मुद्दाम गेली नाही. खोलीत उपाशी बसून राहिली. बुधवारी आठला गेली आणि काउंटरवरच्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"दोन ना?" बाई म्हणाली. "पुढचे कोण?"

त्या दिवशी नोलीन रस्त्यातच रडली. पाव हातात, नाक गळतंय, लोक बाजूने जाताहेत. घरी येऊन तिने हॅचरला शिव्या घातल्या. "बघतोस काय रे असा ओठ मिटून? तू तुझं उरकलंस आणि मला इथे बसवलंस! आणि ती म्हातारी तुझे अर्ज अजून पाठवतेय. मेल्यावरसुद्धा नकार घेतोस, लाज नाही वाटत?" आता तीस फायली परत आल्या होत्या. वहीत एकाच नावापुढे फुली नव्हती: शाळांसाठी इंग्रजीची पुस्तकं छापणारी एक प्रकाशनसंस्था. नोलीननेही तिथे अर्ज केला होता, पेपरातली जाहिरात बघून. सगळ्यांत जास्त जीव तिचा त्याच जागेत अडकला होता. सगळं काम इंग्रजीतून, चुका तपासायच्या, वाक्यं सोपी करायची. दहा वर्षं ती दुसरं काय करत होती?

दोन डिसेंबरला पेटीत पाकीट आलं. पातळ! तिने झडप घातली. वर नाव होतं: लॉर्न हॅचर.

जिन्यातच तिने ते फोडलं. पाच तारखेला, सकाळी दहा वाजता, संपादक कास्टेनबाई हॅचर यांची वाट बघतील. नोलीनला हसावं की रडावं कळेना. दहा आठवड्यांपूर्वी मेलेल्या माणसाला नोकरीचं बोलावणं! आणि ती, जिवंत, धडधाकट, तिला साधा नकारसुद्धा नाही. वर जाऊन तिने ते पत्र डिंकाच्या डागावर ठेवलं. "घे," ती म्हणाली. "आलं बाबा तुझं." आणि मग तिच्या मनात आलं की हे कोणीतरी जाऊन सांगायला हवं. तिकडे एक बाई दहा वाजता घड्याळाकडे बघेल, सव्वादहाला बघेल. या शहरात पहिल्यांदाच कोणीतरी लॉर्न हॅचरची वाट बघणार होतं.

पाच तारखेला ती गेली. आपली फाइल नेली नाही. पुढे पुढे करायला गेल्यासारखं दिसेल असं वाटलं तिला. कास्टेनबाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधलेला. इंग्रजी झकास बोलायच्या.

"मी हॅचरांच्या वतीने आलेय," नोलीन म्हणाली. "ते वारले. सप्टेंबरात. अर्ज ते ज्यांच्याकडे राहायचे त्या बाईंनी नंतर टाकला, तिकिटं लावलेली होती म्हणून. तुम्ही ताटकळत बसू नये म्हणून सांगायला आले."

कास्टेनबाईंनी चष्मा काढला. "बसा हो, बसा. अरे देवा. तुम्ही त्यांच्या कोण?"

"कोणी नाही. त्यांच्या खोलीत राहते. मीही इंग्रजीचं काम शोधतेय." मग उगाच वाईट वाटून तिने जोडलं, "माझाही अर्ज आहे तुमच्याकडे. टेट. नोलीन टेट."

कास्टेनबाई उठल्या, कपाटातून एक पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. पातळ. त्यावर नोलीनचं नाव, रस्ता, घराचा नंबर, सगळं बरोबर. आणि आडवा शिक्का: या पत्त्यावर या नावाचं कोणी नाही.

"आम्ही तुम्हालाच बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा तुम्हालाच. सहा नोव्हेंबरला. पत्र परत आलं. फोन नंबर तुम्ही दिलाच नव्हता. महिनाभर इकडून तिकडून चौकशी केली आणि मग दुसऱ्या नावाला लिहिलं. दुसरं नाव हॅचर."

"पण पत्ता तर बरोबर आहे!"

"पेटीवर नाव आहे का तुमचं?"

पेटीवर! नोलीनच्या एकदम डोक्यात उजेड पडला. त्या चौदा फायली. एकही परत आली नाही म्हणून ती मान वर करून सांगत होती. उत्तरं आली होती सगळी. दारापर्यंत आली आणि दारातून मागे गेली. मेलेल्याचं प्रत्येक पत्र पोचलं, कारण त्याच्या नावाची पाटी होती. त्या घरात दोन महिने हॅचरच राहत होता. ती नव्हतीच.

ती कधी रडायला लागली तिचं तिलाच कळलं नाही. कास्टेनबाईंनी तिला रडू दिलं, कॉफी मागवली. मग चुकांनी भरलेला एक कागद तिच्यापुढे सरकवला. "डोळे पुसा आणि हे तपासा. जागा अजून कोणाला दिलेली नाही."

अर्ध्या तासाने कागद परत गेला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "दोन जानेवारीपासून या. कराराचा कागद सोमवारी तयार ठेवते. परदेशी लोकांच्या कचेरीला दाखवायला पुरेल."

निघताना नोलीन दारात घुटमळली. "हॅचरांची फाइल द्याल का मला?"

"आम्ही पोस्टाने परत पाठवतोच ना."

"नको," नोलीन म्हणाली. "ही मी हातात नेते."

एमरिखबाईंशी त्या संध्याकाळी चांगलंच वाजलं. "नाव लागणार म्हणजे लागणार! मालक काय करायचं ते करो!" नोलीन आयुष्यात पहिल्यांदा जर्मनमध्ये ओरडली, चुकीचं, पण कळण्यासारखं. शेवटी बाईंनीच आपल्या हाताने चिठ्ठी लिहून दिली. हॅचरची पाटी मात्र नोलीनने काढू दिली नाही. तिच्याखाली लावली: टेट. दुसऱ्या दिवशी ओस्मानने ती वाचली आणि कपाळावर हात मारला.

"टेट? ती टेट तुम्ही? या अल्ला! अहो, त्या नावाची पाकिटं मी रोज घेऊन हिंडायचो! सगळ्या पेट्या बघायचो, कोण ही बाई म्हणून. शेजारच्या तीन घरांत विचारलं. तुम्हाला कसं नाही विचारलं मी?"

"तुम्ही मला हॅचरबाई म्हणायचात," नोलीन म्हणाली. "आणि मी हो म्हणायचे."

फाइल तिने इतर तीस फायलींवर ठेवली, वहीतल्या शेवटच्या नावापुढे फुली मारायला पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. ती एक जागा तशीच कोरी राहिली.

दोन जानेवारीला ती कामावर रुजू झाली. घरचा फोन म्हणून एमरिखबाईंचा नंबर लिहून दिला. काम ठीक होतं, माणसं ठीक होती. पण खोली तीच, आणि हॅचर काही गेला नाही. संध्याकाळी दार उघडलं की आधी डोळे खुर्चीकडे जायचे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली. एका सकाळी नोलीन अंग मोडलेलं असूनही उठली, रेडिओ लावला, कपडे केले, बूट घालायला तीच खुर्ची टेबलाशी ओढून बसली, वाकली, आणि तिला उठताच येईना. तापाने अंग भाजत होतं, पायांत जीव नव्हता. डोकं टेबलावर टेकलं, नेमकं त्या डागावर. रेडिओवर कोणीतरी इंग्रजीत हवामान सांगत होतं. साडेआठ वाजले, कामाची वेळ झाली. पावणेनऊ. नऊ. हाक मारायला गेली तर घशातून आवाज निघेना. तिला स्पष्ट वाटलं की हे असंच असतं, असंच झालं असणार, तोही असाच ऐकत बसला असणार. खाली म्हातारी म्हणत असेल, आहे माणूस.

नऊ वाजून वीस मिनिटांनी जिन्यात आवाज आला. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी, थांबणं. एमरिखबाईंचे गुडघे. तीन मजले! दार थडाथडा वाजलं आणि मग दुसऱ्या किल्लीने उघडलं.

"नोलीन! अगं पोरी!" बाई धापा टाकत आत आल्या, तिला टेबलावर तशी बघून भिंतीला धरून उभ्या राहिल्या. पांढऱ्याफटक. मग नोलीनने डोळे उघडले, आणि त्या येऊन तिच्या खांद्याला गच्च धरून बसल्या. "किती भाजतंय अंग! हाक मारायची ना!"

नोलीनने मानेनेच नाही म्हटलं.

"तुझ्या ऑफिसातून फोन आला. दोनदा. पहिल्यांदा म्हटलं, वर रेडिओ वाजतोय, निघेल ती. दुसऱ्यांदा आला आणि मला खाली बसवेना." त्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. "डॉक्टरला बोलावते आता. ती चष्मेवाली धरून बसलीये फोनवर. काय सांगू तिला?"

"काय म्हणाल्या त्या?" नोलीनने विचारलं. आवाज फुटला तो घोगरा.

"म्हणाली, टेट कुठे आहे?"

नोलीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"आता रडतेस कशाला? काय सांगू ते सांग!"

"सांगा, इथे आहे," नोलीन म्हणाली. "आणि परत एकदा म्हणा ना, त्या काय म्हणाल्या ते."

एमरिखबाईंनी परत एकदा म्हटलं. मग कठडा धरून त्या खाली फोनवर सांगायला गेल्या, आणि जाताना दार उघडं ठेवून गेल्या.